आधी तीन ठिकाणी बघ

पोरी, सबटायटल मागे-पुढे व्हायला लागलं की बहुतेक जण लगेच दुरुस्तीला बसतात. पहिली ओळ सरकवतात, मग दुसरी, मग तिसरी. पहाट होते तरी अर्धा व्हिडिओ तसाच राहतो. तू तसं करू नकोस. कशालाही हात लावण्याआधी व्हिडिओ तीन ठिकाणी बघ: पहिलं बोलणं, मधलं एखादं, आणि अगदी शेवटचं. तिन्ही ठिकाणी ओळ किती सेकंद लवकर येते किंवा उशिरा येते ते कागदावर लिहून काढ. जळगावात आयुष्यभर लग्नांचं शूटिंग आणि मिक्सिंग केलं, त्यातून हाताला जे लागलं त्यात हे सगळ्यांत कामाचं, म्हणून आधी सांगितलं.

तिन्ही आकडे सारखे आले तर सबटायटल नुसतं सरकलेलं आहे. आकडा वाढत गेला तर वेगात फरक आहे. सुरुवातीला बरोबर असून मध्येच एकदम उडी मारली, तर त्या जागी काहीतरी कापलं गेलंय किंवा घुसलंय. चौथा प्रकार फोनचा. तो मागाहून सांगतो, कारण कानबाईच्या उत्सवाच्या रात्री तू फोनवर जे चित्रण केलंस त्याचं दुखणं बहुधा तोच असणार.

असं होतंच का, ते समजून घे. एसआरटी फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघ. वर ओळीचा क्रमांक. खाली वेळ: तास, मिनिटं, सेकंद, मग स्वल्पविराम आणि सेकंदाचा हजारावा भाग. मग बाण, आणि ओळ पुसायची वेळ. त्याखाली मजकूर. बस, एवढंच. त्या फाईलला चित्रही माहीत नाही आणि आवाजही नाही. एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकासारखं आहे ते. शिरपूरची गाडी सात दहाला असं तिथे लिहिलेलं असतं, पण गाडी फलाटाला लागली की नाही हे त्या फळ्याला कळत नाही. व्हिडिओ सुरू झाला की घड्याळ चालू होतं, आणि ती वेळ आली की ओळ पडद्यावर येते, मग समोरच्या बाईने तोंड उघडलेलं असो वा नसो. म्हणजे सबटायटल एका ठरावीक प्रतीसाठीच बनलेलं असतं. त्याच सिनेमाची दुसरी प्रत आणलीस की जुन्या वेळा तिला लागू पडतीलच असं नाही.

नुसतं सरकलेलं असेल तर काळजी नको. सुरुवातीचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र, निर्मात्यांची नावं, वाहिनीचं बोधचिन्ह, यातलं काहीतरी एका प्रतीत आहे आणि दुसरीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. व्हीएलसीमध्ये जी आणि एच या दोन कळा आहेत. एकीने सबटायटल मागे जातं, दुसरीने पुढे, आणि एका दाबात ५० मिलिसेकंद सरकतं, म्हणजे वीस दाबांत एक सेकंद. पण ही सोय त्या वेळेपुरती असते, फाईल बदलत नाही. किती सरकवलं तो आकडा पडद्यावर दिसतो. तो टिपून घे आणि सबटायटल एडिट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या वेळा तेवढ्याच सरकवून फाईल जतन कर.

उडीचा प्रकार आपल्या देशात जास्त भेटतो, आणि त्यामागे एक सरकारी नियम आहे. २ ऑक्टोबर २०१२ पासून, ज्या चित्रपटात तंबाखूचा वापर दिसतो त्यात सुरुवातीला आणि मध्यावर किमान ३० सेकंदांची आरोग्याची चित्रफीत आणि २० सेकंदांची दृक्‌श्राव्य सूचना दाखवावी लागते. दोन्ही मिळून ५० सेकंद, तेही दोनदा. आता अशा प्रतीवरून बनवलेलं सबटायटल तू या चित्रफिती नसलेल्या प्रतीला लावलंस, तर पहिल्या बोलण्यापासून ओळी ५० सेकंद उशिरा येतील, आणि मध्यंतरानंतर तोच उशीर १०० सेकंदांचा होईल. म्हणून मधलं ठिकाण तपासताना मध्यंतराच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असं बघावं. उडी सापडली की फाईलचे दोन तुकडे पाड, प्रत्येकाला त्याचा त्याचा आकडा दे, आणि पुन्हा जोड. जुनी सबटायटलं मुळातच दोन तुकड्यांत मिळतात, कारण तेव्हा सिनेमा दोन सीडींवर यायचा आणि दुसऱ्या सीडीचं घड्याळ पुन्हा शून्यापासून चालू व्हायचं. व्हिडिओ जोडून एक केला असेल तर दुसऱ्या तुकड्याच्या सगळ्या वेळांत पहिल्या सीडीची लांबी मिळवावी लागते.

आता वेगाचं. इथे जरा थांबून नीट वाच, कारण चांगले चांगले लोक इथे अडकतात.

बोलपट आले तेव्हापासून सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम चालतो. टीव्ही मात्र विजेच्या ठेक्याने घडला. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, म्हणून आपल्या टीव्हीची पाल पद्धत सेकंदाला २५ फ्रेमची. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं तेही पालवरच. अमेरिकेची वीज ६० फेऱ्यांची, म्हणून तिकडे ३० फ्रेम. १९५३ मध्ये तिथे रंगीत टीव्हीची पद्धत ठरली तेव्हा रंगाचा आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत मिसळू नये म्हणून ३० चे २९.९७ केले. त्याच हिशोबात बसवायला तिकडे २४ चा सिनेमाही २३.९७६ ने चालवू लागले. असे हे वेगवेगळे ठेके तेव्हापासून जगभरच्या फाईलींमध्ये एकत्र नांदताहेत.

पालवर २४ चा सिनेमा दाखवायचा तर सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे तो २५ ने पळवणं. दोन तासांचा सिनेमा मग ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. आवाजही किंचित चढा होतो, गाण्याचा कान असलेल्याला ते लगेच कळतं. आपल्या शिरपूरच्या घरातली स्मिता पाटील, तिचा १९८२ चा ‘उंबरठा’ घे. समज, एक प्रत २५ ने पळवलेली आहे आणि सबटायटल २४ च्या प्रतीवर केलेलं आहे. पहिली ओळ बरोबर बसेल. दहा मिनिटांनी ओळी २४-२५ सेकंद मागे राहतील. तासाभराने जवळजवळ अडीच मिनिटं. बायका सुधारगृहात बोलत असतील आणि खाली घरातले संवाद चालू असतील. तो बघणारा माणूस म्हणेल, सबटायटल करणाऱ्याने आळस केला. आळस कोणीच केलेला नसतो, दोन घड्याळं वेगवेगळी असतात.

म्हणून हे आकडे पाठ कर. तासाला अडीच मिनिटांच्या आसपास फरक पडला तर २५ विरुद्ध २४ किंवा २३.९७६. तासाला साडेतीन सेकंदांहून किंचित जास्त, म्हणजे ३.६ सेकंद, फरक पडला तर २४ विरुद्ध २३.९७६. हा दुसरा फरक फार फसवा. पहिल्या दहा मिनिटांत अर्धा-पाऊण सेकंदच चुकतो, डोळ्याला खपून जातो, आणि तपासणारा ‘ठीक आहे’ म्हणून उठतो. शेवटच्या प्रसंगात मात्र आई रडते तेव्हा तिचं वाक्य पुढच्या माणसाच्या तोंडी जातं. शेवट बघ असं मी आग्रहाने सांगतो ते एवढ्यासाठी.

अंदाजावर थांबू नकोस. मीडियाइन्फो नावाचं मोफत साधन आहे, त्यात फाईल टाकली की फ्रेम रेट, लांबी, सगळं लिहून येतं. सबटायटल कुठल्या वेगाचं ते मात्र एसआरटीत कुठेच लिहिलेलं नसतं, ते तुला फरकावरूनच ओळखावं लागतं. मग सबटायटल एडिटमध्ये फ्रेम रेट बदलण्याची सोय आहे: इकडचा आकडा, तिकडचा आकडा, झालं. वेग आणि सरकणं दोन्ही असेल तर आधी वेग सुधार, नंतर सरकव. उलट केलंस तर सरकवलेले सेकंदही ताणले जातील आणि पुन्हा चुकेल.

दोन टोकं बांधायचीही एक रीत आहे. पहिल्या बोलण्याची खरी वेळ सांगायची, शेवटच्या बोलण्याची खरी वेळ सांगायची, मधलं सगळं सॉफ्टवेअर सारख्या प्रमाणात ताणतं किंवा आवळतं. वेगाच्या फरकाला हे रामबाण आहे. पण उडी असलेल्या फाईलीवर हे चुकूनही करू नकोस. तिथे चूक एका जागची असते, आणि ही रीत ती चूक पातळ करून सगळ्या फाईलभर पसरवते. मग सुरुवात बरोबर, शेवट बरोबर, आणि मधली एकही ओळ जागेवर नाही. म्हणून दोन टोकं बांधल्यावर मधलं ठिकाण परत तपासायचं, तिथे बसलं तरच पुढे जायचं.

ओळ जागेवर बसली हे ओळखायचं कसं, ते मला माझ्या गुरूंनी शिकवलं. ते टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात तंबू पडायचा, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोडेबाजारात पडायचा, आणि ते मशीनशी उभे असायचे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या बाजूला छापलेली असते, पण त्याच चित्राच्या शेजारी नसते. मशीनच्या गेटमध्ये चित्र थांबत-थांबत सरकतं, आवाजाला मात्र एकसंध चाल लागते, म्हणून आवाज वाचणारं डोकं खाली वेगळं असतं आणि आवाज साधारण वीस फ्रेम पुढे छापलेला असतो. गेट आणि डोकं यांच्यामध्ये फिल्मचा एक सैल लूप ठेवतात. तो चार-पाच फ्रेम लहानमोठा झाला की ओठ आणि शब्द वेगळे पडले. गुरू काय करायचे, तर प, ब, भ, म या अक्षरांवर डोळा ठेवायचे. ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. नायिकेने ‘माय’ म्हटलं आणि ओठ मिटलेले दिसले नाहीत की मशीन थांबवून लूप सुधारायचे. पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारायची, पण ते चुकीचं चालू ठेवायचे नाहीत.

त्यांनी आणखी एक सांगितलं होतं, जे मला पुढे आकड्यांत कळलं. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे चित्र एक फ्रेम पुढे सरकेपर्यंत तो चौदा मीटर गेलेला असतो. तंबूच्या मागच्या रांगेला पुढच्यापेक्षा दोन-तीन फ्रेम उशिरा ऐकू येतं आणि तरी कुणी तक्रार करत नाही. लांबचं उशिरा ऐकू येणं माणसाच्या कानाला सवयीचं आहे. आवाज चित्राच्या आधी आला तर मात्र ४५ मिलिसेकंदांतच खटकतं, उशिरा आला तर १२५ पर्यंत लक्षात येत नाही. टीव्ही प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत हेच आकडे आहेत. सबटायटलला एवढी बारीक मोजणी लागत नाही, पण ओळ तोंड उघडण्याच्या आधी येऊ देऊ नकोस. विनोदाचा शेवट आधीच वाचला गेला की हसू मरतं.

म्हणून सबटायटलला दोष देण्याआधी चित्र आणि आवाज आपसात जुळलेत का ते बघत जा. ब्लूटूथ स्पीकरवर ऐकत असशील तर आवाजच दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे असू शकतो. तपासणीच्या कामाला वायरवाला हेडफोनच घे.

आता तुझं कानबाईचं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर बायका गाणी म्हणतात, रोट होतात, आणि ती गाणी अहिराणीत. सुरतेला उधना-लिंबायतला आपली जी मंडळी स्थायिक झाली त्यांच्या पोरांना ती समजत नाहीत. तू त्यांच्यासाठी खाली मराठी आणि हिंदी ओळी द्यायचं मनावर घेतलंस, हे फार चांगलं काम आहे. ते बिनसता कामा नये.

फोन आणि जुना कॅमेरा यांत एक मोठा फरक आहे. कॅमेरा सेकंदाला २५ म्हटलं की २५ च देतो. फोन तीस म्हणतो, पण प्रकाश कमी झाला की एकेका फ्रेमला जास्त वेळ देतो, मग कधी सत्तावीस येतात, कधी चोवीस. कानबाईच्या रात्री घरात समया आणि एखादी ट्यूब, म्हणजे तेच होणार. आवाज मात्र एका चालीने भरला जातो. फोनवर बघताना अडचण नसते, कारण प्रत्येक फ्रेमची वेळ फाईलीत लिहिलेली असते. ती फाईल एडिटिंगला घेतली आणि सॉफ्टवेअरने सगळ्या फ्रेम सारख्या अंतराच्या धरल्या, की चित्र आणि आवाज वेगळे चालतात, आणि फरक धड वाढतही नाही आणि धड सारखाही राहत नाही. तीन ठिकाणचे आकडे तेव्हा काहीच्या काही येतात. तसे आले की फोनवर संशय घे. मीडियाइन्फोत फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ दिसलं की खात्री झाली.

हे सबटायटलमध्ये दुरुस्त करत बसायचं नसतं. मूळ फाईल बाजूला जपून ठेव. हँडब्रेकमधून तिची एक प्रत काढ, तिथे ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवड, आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर कर. आणि एक शिस्त पाळ: काटछाट पूर्ण होऊन शेवटची फाईल निघाल्याशिवाय सबटायटलच्या वेळा बसवायच्याच नाहीत. मजकूर आधी लिहून ठेव, हरकत नाही. पण वेळा बसवल्यावर कुणा मामीने ‘माझा तो भाग काढ’ म्हटलं आणि तू बारा सेकंद उडवलेस, तर तिथून पुढच्या सगळ्या ओळी बारा सेकंद चुकल्या.

मजकुराबद्दल थोडंच सांगतो, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एका वेळी दोनच ओळी, एक ओळ चाळीस-बेचाळीस अक्षरांपर्यंत, आणि एक सेकंदाहून कमी वेळ कुठलीही ओळ ठेवू नये. सॉफ्टवेअर अक्षरं मोजतं तेव्हा काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजतं. ‘किल्ली’ त्याच्या लेखी सहा अक्षरं, डोळ्याला दोन. त्यामुळे ते लाल खूण दाखवेल तरी घाबरू नकोस, मोठ्याने वाचून बघ आणि ठरव. फाईल जतन करताना यूटीएफ-८ निवड, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

गाण्याच्या ओळी बायका जिथे श्वास घेतात तिथेच तोड. तू धुळ्यात राहतेस म्हणून सांगतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी बोलता-बोलता उतरून घ्यायचे. फेब्रुवारी ते जून, अठरा अध्याय. ‘गीता प्रवचने’ आपल्या हातात आलं ते त्या लिहिण्यामुळे. बोलणाऱ्याच्या चालीने लिहायचं म्हणजे आधी पूर्ण लक्ष देऊन ऐकावं लागतं. आपल्या मालेगावचंही उदाहरण आहे. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा २००८ चा माहितीपट जगभर पाहिला गेला. तिथल्या पोरांची बोली परक्या देशातल्या माणसाला खालच्या ओळींतूनच कळली. अहिराणीला तसं पोचवायचं तर ओळ योग्य क्षणी यायला हवी. ‘कानबाई उनी’ म्हणताना सगळ्या बायका हात जोडतात, त्याच क्षणी.

वाटायच्या वेळी दोन प्रती कर. एक एमकेव्ही, ज्यात सबटायटल फाईलीच्या आत बसवलेलं असेल आणि हवं तेव्हा बंद करता येईल. दुसरी व्हॉट्सअ‍ॅपसाठी, ओळी चित्रातच छापलेली, कारण तिथे वेगळी फाईल सोबत जात नाही. ओळी नसलेली स्वच्छ प्रत मात्र कधीही पुसू नकोस. उद्या कुणी गुजराती ओळी मागेल. सुटी एसआरटी द्यायची वेळ आलीच तर तिचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेव, एका फोल्डरमध्ये ठेव, आणि नावातच फ्रेम रेट आणि लांबी लिही. पाच वर्षांनी फाईल उघडणाऱ्याला, आणि ती तूच असशील, ओळी कुठल्या प्रतीच्या ते शोधावं लागणार नाही.

सुरतेला पेन ड्राइव्ह पाठवण्याआधी लॅपटॉपवर नाही, टीव्हीला लावून बघ. बऱ्याच टीव्हींवर सबटायटल सरकवायची सोय नसते, आणि तिकडे म्हातारी माणसं रिमोट घेऊन बसलेली असतील. गोलाणी मार्केटमधून आणलेला तो जुना एलईडी आपल्याकडे आहे, देवपूरहून येताना ड्राइव्ह घेऊन ये. शेवटची दहा मिनिटं आधी लावू.